उत्तरेतली हिवाळी सहल आणि अडकलेली परतीची वाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून आमच्याकडे एकाच धाटणीचे प्रश्न यायला लागतात. तिकिटं काढून झालेली असतात, स्वेटर बाहेर निघालेले असतात आणि बातम्यांत दिल्लीचं धुकं दिसायला लागतं. त्या प्रश्नांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. वाचताना एक फरक डोक्यात ठेवा. तिकिटाचे पैसे परत मिळणं ही एक गोष्ट आणि ठरल्या दिवशी घरी पोहोचणं ही दुसरी. नियम पहिलीची काळजी घेतात, दुसरीची तुम्हालाच घ्यावी लागते.

१. नाताळच्या सुट्टीत दिल्ली, मनाली किंवा काश्मीरला गेलं की अडकायला होतंच का?

नाही, पण शक्यता धरूनच निघावं. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी झंझावात एकामागून एक उत्तर भारतावर येतात. ते आले की काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो आणि पंजाब, हरियाणा, दिल्लीत पावसाचा शिडकावा होतो. झंझावात पुढे सरकला की आभाळ मोकळं होतं, वारा पडतो, रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि ओल्या मैदानावर दाट धुकं बसतं. म्हणजे डोंगरात बर्फ बघून खूश झालेलं कुटुंब खाली उतरतं ते बऱ्याचदा नेमकं धुक्यात. म्हणूनच जाण्यापेक्षा परतीचा प्रवास जास्त वेळा बिघडतो. विमान वाहतुकीच्या हिशेबात १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा धुक्याचा हंगाम धरला जातो.

२. पुण्यात लख्ख ऊन आहे. मग आमचं विमान चार तास उशिरा का?

कारण तुम्हाला नेणारं विमान अजून पुण्यात आलेलंच नाही. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. सकाळी ते दिल्लीत अडकलं, तर संध्याकाळी नागपूर किंवा गोव्याला जाणाऱ्या प्रवाशांनाही त्याची झळ बसते. त्यात वैमानिकांच्या ड्यूटीच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. धुकं निवळायची वाट पाहण्यात ते तास संपले की दुसरा चमू येईपर्यंत विमान हलत नाही. धुकं गेल्यावरही उड्डाण का होत नाही, या संतापाचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

३. दिल्ली विमानतळावर धुक्यात उतरण्याची यंत्रणा आहे ना? मग विमानं रद्द का होतात?

आहे. ‘कॅट-थ्री बी’ नावाच्या या यंत्रणेमुळे धावपट्टीवर जेमतेम ५० मीटर दिसत असतानाही विमान उतरू शकतं. पण त्यासाठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक असे तिघंही त्या दर्जाचे लागतात. शिवाय उड्डाणासाठी सुमारे १२५ मीटर दृश्यमानता लागते. त्यामुळे विमान उतरलं, पण पुन्हा उडेना, असंही होतं. दाट धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, तासाला कमी विमानं हाताळली जातात आणि रांग लागते. श्रीनगर, जम्मू, लेह इथे ही सोयही नाही.

४. रेल्वे तर रुळावरून चालते. तिला धुक्याचं काय?

रूळ दिसण्याची गरज नसते, सिग्नल दिसण्याची असते. सिग्नल दिसला नाही तर लोको पायलट वेग कमी करतो. आता इंजिनात ‘फॉग सेफ डिव्हाइस’ असतं. ते जीपीएसवरून पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे हे सांगतं, पण तो लाल आहे की हिरवा हे सांगत नाही. दाट धुक्यात हे उपकरण असलं तरी वेगाची कमाल मर्यादा ताशी ७५ किलोमीटर आहे. ११०-१३० च्या वेगाने धावणारी गाडी रात्रभर या वेगाने चालली तर सकाळी किती मागे पडेल, याचा हिशेब घरबसल्या करता येतो.

दुसरं कारण डब्यांचं. डब्यांचा जो संच (रेक) मुंबई-पुण्याहून वर जातो तोच थोड्या वेळाने परत फिरतो. म्हणून परतीची पंजाब मेल किंवा झेलम वेळेवर सुटेल का, हे बघायचं तर आपली गाडी नव्हे, तिच्या जोडीची वर गेलेली गाडी कुठे आहे ते बघा. रेल्वेच्या ‘एनटीईएस’ अॅपवर किंवा १३९ वर ते कळतं. आपल्या गाडीपुढे ‘वेळेवर’ असं लिहिलेलं असतं आणि तिचे डबे पाचशे किलोमीटर दूर असतात, हे हिवाळ्यात नेहमीचं आहे.

५. मग परतीला विमान बरं की रेल्वे?

रेल्वे उशिरा येते, पण बहुतेक वेळा येते. विमान रद्द झालं की सुट्टीच्या दिवसांत दुसऱ्या दिवशीही जागा मिळेल याची खात्री नसते. बरोबर सत्तरीतले आई-बाबा आणि लहान मुलं असतील तर बारा तास उशिरा धावणारा स्लीपर डबा हाही मोठा ताप आहे. माझं मत असं की, विमान घ्यायचं तर दिल्लीहून दुपारी एक ते चारच्या दरम्यानचं घ्यावं. धुकं मध्यरात्रीपासून सकाळी नऊ-दहापर्यंत सर्वांत दाट असतं आणि संध्याकाळपर्यंत सकाळच्या उशिरांची बेरीज साचलेली असते. स्वस्त मिळतं म्हणून घेतलेलं पहाटे साडेपाचचं विमान डिसेंबरात महागात पडतं.

६. एक जादा दिवस ठेवा असं सगळे सांगतात. तो नेमका कुठे ठेवायचा?

शेवटी, आणि दिल्लीत किंवा चंदीगडमध्ये. मनालीत नव्हे. सर्वांत जास्त घोडं अडतं ते या बेतात: संध्याकाळी मनालीहून व्होल्वो, सकाळी दिल्ली, दुपारी मुंबईचं विमान. ही बस एरवीच बारा ते चौदा तास घेते. रस्त्यात बर्फ, मग हरियाणात धुकं, आणि विमान गेलेलं. त्यापेक्षा डोंगरातून एक दिवस आधी उतरा. सगळं वेळेवर झालं तर लाल किल्ला बघा, करोलबागेत खरेदी करा. मुलांची शाळा ज्या सोमवारी सुरू होते त्याच्या आदल्या रात्री घरी पोहोचण्याचा बेत या दिवसांत आखूच नये.

७. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा आहे. आम्ही जाणार नाही. पूर्ण पैसे मिळतात का?

हो, पण तीन अटी नीट बघा. उशीर तुम्ही जिथे चढणार त्या स्थानकावर तीन तासांहून जास्त असला पाहिजे. तुम्ही प्रवास केलेला नसावा. आणि गाडी त्या स्थानकातून प्रत्यक्ष सुटण्याआधी दावा केलेला असावा. ऑनलाइन तिकीट असेल तर आयआरसीटीसीवर ‘टीडीआर’ (परताव्याच्या दाव्याचा अर्ज) भरायचा आणि कारणांच्या यादीतून गाडी तीन तासांहून उशिरा असल्याचं कारण निवडायचं. खिडकीवरचं तिकीट असेल तर गाडी सुटण्याआधी ते आरक्षण खिडकीवर परत करायचं. कन्फर्म, आरएसी, वेटिंग सगळ्यांना हे लागू आहे.

सर्वांत जास्त पैसे जातात ते एका घाईमुळे. गाडी उशिरा आहे असं कळताच लोक चार्ट लागण्याआधीच तिकीट ‘कॅन्सल’ करून टाकतात. मग ते नेहमीसारखं रद्द केलेलं तिकीट धरलं जातं आणि शुल्क कापलं जातं. इथे कॅन्सल नको, टीडीआर हवा. आणि टीडीआर भरण्याआधी घरी जायची दुसरी सोय हातात आहे ना, ते बघा. पैसे आले आणि दिल्लीच्या फलाटावर चौघं बसून राहिले, तर तो व्यवहार तोट्याचाच.

८. तत्काळ तिकिटाला परतावा नसतो ना?

तुम्ही स्वतः रद्द केलेल्या कन्फर्म तत्काळ तिकिटाला नसतो. गाडी तीन तासांहून उशिरा असेल तर तत्काळलाही पूर्ण परतावा आहे. मेख एवढीच की, इथे उशीर तिकिटावरच्या मूळ सुरुवातीच्या स्थानकावर मोजतात. तिकीट अमृतसरपासूनचं आणि चढायचं स्थानक नंतर बदलून दिल्ली केलं असेल, तर अमृतसरचा उशीर धरला जाईल. गाडी अमृतसरहून वेळेवर निघून वाटेत धुक्यात रखडली असेल, तर दिल्लीत पाच तास थांबूनही या नियमाने काही मिळत नाही. बाकीची रीत प्रश्न ७ प्रमाणेच.

९. गाडी वेळेवर सुटली, पण दहा तास उशिरा पोहोचली. भरपाई?

उशिरा पोहोचल्याबद्दल तिकिटाचा परतावा नाही. राजधानी, शताब्दी, दुरांतो या गाड्या दोन तासांहून जास्त उशिरा असतील तर खाण्यापिण्याची सोय रेल्वेकडून विनामूल्य केली जाते. बाकीच्या गाड्यांत आपला डबा आपल्याजवळ. मेथीचे ठेपले, दशम्या, चटणी, सुका खाऊ एका जेवणापुरता जास्तच घ्या. मथुरा आणि पलवलच्या मध्ये गाडी उभी असताना फेरीवालाही येत नाही.

१०. गाडीच रद्द झाली तर काय करायचं?

ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात, टीडीआर भरावा लागत नाही. खिडकीवरचं तिकीट गाडीच्या दिवसानंतर तीन दिवसांच्या आत परत करावं लागतं. धुक्यासाठी रेल्वे काही गाड्या डिसेंबर ते फेब्रुवारीपर्यंत आधीच रद्द जाहीर करते किंवा त्यांचे आठवड्याचे दिवस कमी करते. तेव्हा तिकीट ऑक्टोबरात काढलं असलं तरी डिसेंबरच्या सुरुवातीला पुन्हा तपासा.

११. अमृतसरहून दिल्ली आणि तिथून मुंबई अशा दोन गाड्या आहेत. पहिली उशिरा आल्याने दुसरी चुकली तर?

दोन्ही पीएनआर जोडलेले असतील तर दुसऱ्या तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. ही सोय एप्रिल २०१९ पासून आहे, पण वापरणारे फार थोडे. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचे तपशील तेच हवेत आणि पहिली गाडी जिथे पोहोचते तिथूनच किंवा त्याच शहरातल्या ठरवून दिलेल्या स्थानकावरून दुसरी सुटायला हवी. दुसरं तिकीट काढताना जोड-प्रवासाचा पर्याय निवडून पहिला पीएनआर द्यायचा. खिडकीवरचं तिकीट पहिली गाडी पोहोचल्यापासून तीन तासांत परत करावं लागतं, ऑनलाइनसाठी टीडीआर. पुढच्या गाडीत जागा देण्याची जबाबदारी मात्र रेल्वे घेत नाही.

१२. धुक्याने विमान रद्द झालं. कंपनीने काय द्यायला हवं?

डीजीसीएच्या (देशातल्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमांप्रमाणे पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं एक. निवड तुमची. हवामान हे कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असल्याने वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, पण परतावा किंवा पर्याय देण्यातून सुटका नाही. ‘हवामानामुळे रद्द, म्हणून पैसे नाहीत’ असं काउंटरवर कोणी म्हटलं तर ते चूक आहे.

निवडताना घाई करू नका. परतावा घेतला की पर्यायी विमानाचा हक्क संपला. आणि त्याच दिवशी दिल्ली-मुंबईचं नवं तिकीट चौघांसाठी काढायला गेलात की मिळालेल्या पैशांत दोघंच येतील. आधी पर्यायी विमान कधीचं ते विचारा, दुसरीकडचे दर बघा, मग ठरवा. कंपनीने रद्द करण्याआधी आपण होऊन रद्द करणं हे तर सर्वांत वाईट. ते तुमचं रद्दीकरण ठरतं.

जानेवारी २०२४ मध्ये धुक्याने मोठा गोंधळ झाला. गोव्याहून दिल्लीला निघालेलं एक विमान मुंबईला वळवलं गेलं आणि प्रवासी विमानाशेजारी जमिनीवरच जेवायला बसले, ती चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. त्यानंतर डीजीसीएने कंपन्यांना मुभा दिली की तीन तासांहून जास्त उशीर होणार असं दिसलं तर विमान आधीच रद्द करावं. म्हणून हल्ली निरोप घरी असतानाच येतो. तो येण्यासाठी तिकिटावर तुमचाच मोबाइल क्रमांक हवा. एजंट बऱ्याचदा स्वतःचा टाकतात आणि निरोप त्यांच्याकडे पडून राहतो.

१३. रद्द नाही, नुसतं उशिरा आहे. जेवण आणि हॉटेल मिळतं का?

अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं द्यायचं असतं. मुंबई-दिल्ली यात येतं. त्याहून लांबच्या देशांतर्गत उड्डाणाला तीन तास. उशीर सहा तासांपलीकडे जाणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. रात्रीच्या हॉटेलबाबत मात्र हवामानाचं कारण आलं की कंपन्या हात वर करतात. मागून जरूर बघा, पण त्या भरवशावर औषधांची बॅग चेक-इन करू नका. रक्तदाब-मधुमेहाच्या दोन दिवसांच्या गोळ्या, बाळाचं दूध, एकेक गरम कपडा हे सगळं हातातल्या बॅगेत. तक्रारीसाठी ‘एअरसेवा’ पोर्टल आहे.

१४. श्रीनगर-दिल्ली आणि दिल्ली-पुणे ही वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं आहेत. पहिलं उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबेल?

नाही. दोन वेगळे पीएनआर म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. एकाच पीएनआरवर दोन्ही उड्डाणं असतील तर पुढची सोय त्याच कंपनीला करावी लागते. दीड-दोन हजार रुपये जास्त पडले तरी काश्मीरच्या परतीला एकच पीएनआर घ्यावा.

१५. मनालीहून अटल बोगद्याकडे गेलो आणि बर्फ सुरू झाला तर?

बर्फाची पहिली भुरभुर दिसली की मागे फिरा. ‘अजून थोडं पुढे जाऊ, फोटो काढू’ इथेच सगळं फसतं. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या आधी सोलंग ते अटल बोगद्याच्या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या आणि पोलिसांना रात्रभर लोक खाली आणावे लागले. ९ किलोमीटरचा बोगदा आतून कोरडा आणि सुरक्षित आहे. अडचण त्याच्या दोन्ही तोंडांपाशी आहे. तिथे ३,००० मीटरवर सावलीतल्या वळणांना पारदर्शक बर्फाचा थर बसतो. डांबर ओलं आहे असं वाटतं आणि चाक सुटतं. ताम्हिणी-वरंधा डोळे मिटून उतरवणारा चालकही इथे नवशिका असतो, कारण आपल्या घाटात ब्रेक दाबला की गाडी थांबते, इथे ती घसरते. खालच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय न ठेवता, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून उतरायचं.

बर्फ पडत असताना पोलीस बऱ्याचदा नेहरू कुंड किंवा सोलंगच्या पुढे फक्त फोर-बाय-फोर आणि चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका. मुंबईहून स्वतःची डिझेल गाडी नेली असेल तर टाकी वर पोहोचण्याआधी बरीचशी रिकामी होऊ द्या आणि डोंगरात भरा. थंड भागात हिवाळ्यात विकलं जाणारं डिझेल सहजी गोठत नाही.

अडकलातच तर गाडी सोडून अंधारात चालत निघू नका. ११२ ला कळवा. इंजिन सतत चालू ठेवू नका. थोडा वेळ चालवायचं, बंद करायचं, आणि दर वेळी सुरू करण्याआधी उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढायचा. एक काच बोटभर उघडी हवीच. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांत २० हून जास्त पर्यटक गेले. त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत थंडीबरोबरच बंद गाडीत कोंडलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा संशय होता. या वायूला वास नाही, माणूस झोपतो तो उठत नाही.

१६. हॉटेलच्या खोलीत शेगडी पेटवून झोपलं तर चालेल?

नाही. कारण वरच्या उत्तरातलंच. धुराडं असलेली बुखारी (खोली गरम करायची भट्टी) झोपण्याआधी विझवा, कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवूच नका. रबरी गरम पाण्याची पिशवी मागा.

१७. श्रीनगरची विमानं बंद आहेत. रस्त्याने जम्मूला उतरावं का?

ज्या बर्फाने विमानतळ बंद पडतो तोच बऱ्याचदा महामार्गही बंद पाडतो. बनिहाल-काझीगुंड आणि चेनानी-नाशरी बोगद्यांमुळे वरचा अवघड भाग टळतो, पण रामबनच्या पट्ट्यात पाऊस-बर्फानंतर दरडी आणि दगड येतात. वाहतूक पोलिसांची त्या दिवशीची सूचना पाहिल्याशिवाय निघू नका. मुघल रोड हिवाळ्यात बंदच असतो.

जून २०२५ पासून तिसरी वाट उघडली आहे: श्रीनगर ते कटरा वंदे भारत, सुमारे तीन तासांत. गोठू नयेत म्हणून तिच्या पाण्याच्या टाक्यांना आणि समोरच्या काचेला ऊब देण्याची सोय आहे. कटऱ्याहून पुढे दिल्लीची गाडी किंवा वांद्र्याला येणारी स्वराज एक्सप्रेस बघता येते. फक्त विमानं बंद पडली की सगळं श्रीनगर याच गाडीच्या तिकिटांमागे लागतं. हवामान खात्याने नारिंगी इशारा दिला की त्याच संध्याकाळी ठरवा.

१८. काश्मीरमध्ये आमचा फोन का चालत नाही?

परराज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. विमान रद्द झाल्याचा निरोप ज्या क्रमांकावर येणार तो पोस्टपेड असू द्या. घरातलं एक सिम निघण्याच्या दोन आठवडे आधी पोस्टपेड करून घ्या.

१९. विमान नाही म्हणून टॅक्सीने रातोरात दिल्लीहून आग्रा किंवा जयपूर गाठावं का?

धुक्यात रात्री नाही. यमुना एक्सप्रेसवेवर हिवाळ्यात वेगमर्यादाच कमी करतात, कारण तिथे एकामागून एक गाड्या आदळून मोठे अपघात झाले आहेत. हवामान खातं ५० ते २०० मीटर दृश्यमानतेला दाट आणि ५० मीटरखाली अतिदाट धुकं म्हणतं. अतिदाट म्हणजे पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसेपर्यंत ब्रेक दाबायला उशीर झालेला असतो. सकाळी दहानंतर निघा. ताजमहालही पहाटे गेलात तर दिसणार नाही.

२०. आम्ही पोहोचलोच नाही. हॉटेल आणि टूरवाल्याचे पैसे?

ते त्यांच्याशी ठरलेल्या अटींवर. रस्ता बंद होता, याचा पुरावा जमवा: विमान कंपनीचं उशिराचं किंवा रद्द झाल्याचं पत्र, पोलिसांची सूचना, तारीख दिसणारे स्क्रीनशॉट. पैसे परत मागण्यापेक्षा तारीख पुढे ढकलून मागितली तर हॉटेलवाले लवकर ऐकतात. विम्यालाही तेच कागद लागतात आणि वादळाचा इशारा आल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी सहसा उपयोगी पडत नाही. टूरवाला दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

२१. मुलगी न्यू जर्सीहून फ्रँकफर्टमार्गे येते आहे. तिकडच्या बर्फाने अडकली तर?

युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या विमानाला तिथले नियम लागतात. हवामानामुळे रोख भरपाई नाही, पण जेवण आणि रात्रीचं हॉटेल द्यावंच लागतं. इथे भारतापेक्षा हक्क जास्त पक्का आहे. अडचण व्हिसाची. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा नसेल तर विमानतळाबाहेरच्या हॉटेलात सहसा जाता येत नाही, रात्र आतच काढावी लागते. अमेरिकेतून सुटणारं विमान कंपनीने रद्द केलं आणि मुलीने पर्याय नाकारला, तर तिकडच्या नियमाने परतावा मिळतो. आणि तिने दिल्लीहून पुण्याचं तिकीट वेगळं काढलं असेल, तर प्रश्न १४ तिलाही लागू आहे. त्यापेक्षा थेट मुंबईला उतरायला सांगा आणि गाडी घेऊन न्यायला जा.